ऑटोमॅटिक गाडी निघताना गचका देते? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे तपासा

सकाळी गाडी काढली, ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी सरकायच्या ऐवजी गचका देऊन निघाली. नंतर दिवसभर काही नाही. किंवा याच्या उलट: सकाळी अगदी नीट, पण नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अर्धा तास रांगत काढला की पुढच्या प्रत्येक सिग्नलला थरथर. लोक दोन्हींना एकच नाव देतात, ‘गिअरबॉक्स गेला’. गॅरेजमध्येही पहिला उपाय बहुतेक वेळा ठरलेला असतो. स्कॅनर लावायचा, लर्निंग रीसेट करायचं आणि चावी हातात द्यायची. पंधरा दिवस बरं वाटतं, मग गचका परत.

तो परत आला, ही गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लच किती झिजला, कुठे पकडतो, किती दाब लागतो हे चालता चालता शिकत असतो आणि त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो. रीसेट म्हणजे हे साठवलेलं शिक्षण पुसणं. आकडे खरंच चुकले असतील, म्हणजे बॅटरी बदलताना, क्लचचं काम करताना काही गडबड झाली असेल, तर एका रीसेटने प्रश्न कायमचा मिटतो. पण दोष लोखंडात, रबरात किंवा तेलात असेल तर कॉम्प्युटर काहीशे किलोमीटरमध्ये फिरून त्याच जागी येतो. म्हणून एकदा रीसेट करून गचका परत आला असेल तर दुसऱ्या रीसेटचे पैसे देऊ नका. दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही हे तुम्हाला कळलंय, एवढा त्या पहिल्या रीसेटचा उपयोग झाला.

गाडीत कुठला ऑटोमॅटिक आहे?

हे मालकाला माहीत नसतं असं फार वेळा दिसतं. ‘ऑटो आहे’ एवढंच. आपल्याकडे रस्त्यावर चार प्रकार दिसतात आणि गचक्याचं कारण प्रकारागणिक बदलतं.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी एक यांत्रिक हात, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर करतो. २०१४मध्ये सेलेरिओमधून हा प्रकार आपल्याकडे आला आणि नंतर स्वस्त गाड्यांमध्ये सगळीकडे पसरला. बहुतेक एएमटीत ‘पी’ (पार्किंग) नसतो, ही सोपी ओळख. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, मुरलेला प्रकार: इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलावर चालणारी जोडणी. सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुल्या आणि पट्टा असतो, आणि पुढे बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच. डीसीटीत दोन क्लच, एक विषम गिअरसाठी, एक सम गिअरसाठी. ते कोरडे (ड्राय) असतात किंवा तेलात बुडालेले.

यातून पहिली चाचणी निघते, आणि ती फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करा, ब्रेक घट्ट दाबून ठेवा आणि लिव्हर ‘एन’वरून (न्यूट्रल) ‘डी’त (ड्राइव्ह) टाका. गचका तेव्हाच बसला, की ब्रेक सोडल्यावर?

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ‘डी’त टाकताक्षणी इंजिनावर भार येतो, म्हणून तिथला दोष ब्रेक दाबलेला असतानाच कळतो. एएमटीत आणि ड्राय डीसीटीत ब्रेक दाबलेला असेपर्यंत क्लच जवळजवळ सुटलेलाच असतो. भार येतो तो ब्रेक सोडल्यावर. त्यामुळे एएमटीचा मालक ‘ब्रेक सोडला की थरथरते’ म्हणाला तर डोळे क्लचकडे वळवायचे, आणि क्रेटा डिझेल, ब्रेझा पेट्रोल यांसारख्या टॉर्क कन्व्हर्टरचा मालक ‘डीत टाकली की धप्प आवाज येतो’ म्हणाला तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती) आणि तेल याकडे.

थंड इंजिन

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत ही तक्रार वाढते, निफाडकडे तर विचारूच नका. थंड इंजिन मुद्दाम जोरात फिरतं. आरपीएम बाराशे-पंधराशेच्या आसपास असतो. तेवढ्यात घाईने ‘डी’त टाकलं की धक्का बसणारच. आरपीएमचा काटा सातशे-आठशेच्या जवळ उतरेपर्यंत थांबून मग टाका. गचका गेला तर गाडी ठीक आहे. पाच-दहा मिनिटं गाडी उभ्याने तापवत बसायची गरज नाही, काटा खाली यायला सहसा एखादं मिनिट पुरतं. काटा उतरतच नसेल, किंवा वरखाली डुलत असेल, तर मात्र पुढे वाचा.

इंजिनचा दोष गिअरबॉक्सच्या नावावर

माझं स्पष्ट मत आहे की ‘गिअरबॉक्स’च्या नावाने येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचशा इंजिनच्या असतात. निघताना गाडीला इंजिनकडून गुळगुळीत ताकद हवी असते, आणि नेमकी त्याच वेळी आरपीएम सर्वांत कमी असतो. एखादा प्लग थकलेला असला, प्लगला ठिणगी देणारी कॉइल अधूनमधून मिस मारत असली, तर ऐंशीच्या वेगाला ते जाणवत नाही, निघताना जाणवतं.

तपास असा करा. गाडी गरम झाल्यावर ‘एन’मध्ये, हँडब्रेक लावून, एसी बंद ठेवून काट्याकडे बघा. सीट आणि स्टिअरिंग शांत आहे का? आता एसी लावा. काटा एकदा खाली झुकून सावरायला हवा. झुकून तिथेच धडपडत राहिला तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचली असण्याची शक्यता मोठी. ती साफ करताना इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नये, आणि साफ केल्यावर आयडल लर्निंग, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं, करावं लागतं. हे न केल्यामुळे ‘साफ केल्यावर जास्त बिघडली’ अशा तक्रारी येतात. ब्रेक दाबला की काटा हलत असेल तर ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपमध्ये हवा शिरतेय का ते बघायला सांगा. ही जागा सहसा कोणी तपासत नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर एक दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर गचका नसेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. ट्युनिंग आणि प्लग बघा. सीएनजीवर प्लग लवकर थकतात, पेट्रोलच्या हिशोबाने त्यांची मुदत धरू नये.

माउंटिंग, म्हणजे आपल्या भाषेत फाउंडेशन

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर टेकलेले असतात. रबर फाटलं किंवा आतलं द्रव गळून गेलं की निघताना सगळा गठ्ठा मागे झुकतो आणि ठक्कन आपटतो. आत बसलेल्याला हे हुबेहूब गिअर आदळल्यासारखं वाटतं.

याला दोन माणसं हवीत. एकाने बॉनेट उघडून बाजूला उभं राहायचं, समोर अजिबात नाही. दुसऱ्याने ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक लावून, आळीपाळीने ‘डी’ आणि ‘आर’ (रिव्हर्स) टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरला हात-पाय न लावता. इंजिन बोटभर हललं तर चालतं, उडी मारल्यासारखं हललं तर माउंटिंग गेलं. ही चाचणी टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीसाठी. एएमटीत ब्रेक दाबलेला असताना इंजिनावर भारच येत नाही, त्यामुळे तिथे गाडी लिफ्टवर घेऊन पहार लावून रबर बघावं लागतं. आणखी एक खूण: ‘डी’त उभी असताना थरथर आणि ‘एन’मध्ये टाकली की एकदम शांत, हे लक्षण बहुतेक वेळा माउंटिंगचं किंवा कमी आयडलचं असतं.

नाशिकचे रस्ते सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे जागोजागी उकरलेले आहेत. खड्ड्यांत गाडी आदळली की माउंटिंगचं आयुष्य कमी होतं, तेव्हा जुन्या गाडीला हे आधी तपासून घ्या. गिअरबॉक्सच्या कामाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

पावसाळ्यातला खोटा गचका

रात्रभर पाऊस, गाडी उघड्यावर, हँडब्रेक ओढलेला. सकाळी मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. ब्रेक सोडला तरी गाडी अडते, थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की ‘टक्’ करून सुटते. एकदाच होतं आणि दिवसभर पुन्हा होत नाही. यात गिअरबॉक्सचा काहीच संबंध नाही. सपाट जागी ‘पी’ आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा वापरून एक रात्र हँडब्रेक न लावता बघा, उत्तर मिळेल.

ड्राय क्लचच्या गाड्यांना पावसाळ्यात अजून एक त्रास असतो. ओलाव्याने फ्लायव्हीलवर (क्लचप्लेट जिच्यावर दाबते ती चकती) गंजाचा पातळ थर येतो आणि पहिल्या दोन-चार वेळा निघताना थरथर होते. मग तो थर घासून निघून जातो. एवढ्यावरून क्लचप्लेट बदलू नये.

‘पी’ असलेल्या गाडीत आणखी एक सवय तपासा. उतारावर, विशेषतः अपार्टमेंटच्या बेसमेंटच्या रॅम्पवर, नुसतं ‘पी’त टाकून ब्रेक सोडला तर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या लहानशा खिळीवर येतं. सकाळी ‘पी’तून काढताना जो ‘खट्टाक’ आवाज येतो तो त्या खिळीचा. आधी ब्रेक, मग ‘एन’, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय हलका करून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, आणि शेवटी ‘पी’. आवाज त्याच दिवशी बंद होतो. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असलेल्या गाडीत ते बंद करूनही एकदा निघून बघा. बऱ्याचदा हिसका ब्रेक सुटण्याचा असतो.

बॅटरी आणि अर्थिंग

गिअर हलवणाऱ्या मोटर, सोलेनॉइड (विजेवरच्या झडपा), कॉम्प्युटर, सगळं विजेवर चालतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६च्या आसपास हवा, १२.४च्या खाली असेल तर संशय घ्या. स्टार्टर मारताना तो ९.६च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली. गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसला पाहिजे. साधा मल्टिमीटर पुरतो. शिवाय गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. ती गंजलेली किंवा सैल असेल तर दोष कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि गॅरेजमध्ये नेलं की हमखास गायब असतो.

आता खरा क्लच

एएमटीत ब्रेक सोडल्यावर गाडी थरथरत निघते, ‘आर’मध्ये तर जास्तच, आणि गर्दीत तापल्यावर वाढते: हे क्लचचं लक्षण. दोन्ही दिशांना तोच एक क्लच काम करतो, म्हणून दोन्हीकडे थरथर. सात गिअरच्या ड्राय डीसीटीत मात्र पहिला गिअर विषमच्या क्लचवर आणि रिव्हर्स बहुधा समच्या क्लचवर असतो. तिथे ‘डी’त थरथर आणि ‘आर’मध्ये शांतता असेल तर कुठला क्लच बघायचा हे घरबसल्या कळतं.

क्लच खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण चालवण्याची पद्धत. चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं म्हणजे क्लच जाळणं. कसारा घाटात ट्रकच्या मागे रांगताना हेच होतं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यावर मुंबईला ये-जा करणाऱ्यांचा तो त्रास वाचू शकतो, पण जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांनी समोरच्या गाडीत आणि आपल्यात चार गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग एकदाच निघावं. इंचाइंचाने सरकू नये.

आणि आता तो दोष, जो वारंवार परत येतो आणि मालकाला वेड लावतो. ओळखीच्या एका काकांची एएमटी होती, इंदिरानगरातली. थरथर सुरू झाली, लर्निंग केलं. परत आली, पुन्हा लर्निंग. मग नवी क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट टाकली. काही महिने छान, आणि पुन्हा तीच थरथर. काका म्हणाले, ‘कंपनीचाच दोष आहे, विकून टाकतो.’ गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) खालच्या सांध्याला तेलकट ओल होती. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील झिरपत होतं. तेलाचा बारीक तुषार क्लचप्लेटवर बसायचा आणि नवी प्लेटही काही दिवसांत चकाकी धरायची. आधीच्या गॅरेजने प्लेट बदलली पण सील जुनंच ठेवलं, आणि फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते तेही तसेच. सील बदललं, फ्लायव्हील बदललं, परत प्लेट टाकावी लागली ती वेगळीच, आणि शेवटी नव्याने लर्निंग. त्यानंतर गाडी गप्प झाली.

तेव्हा क्लचचं काम काढताना मिस्त्रीला आधीच सांगा: गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर दोन्ही बाजूंची सील आणि रिलीज बेअरिंग बघा, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग मला दाखवा, फोटो काढून ठेवा. मजुरी एकदाच लागते. सील स्वस्त आहे, पुन्हा बॉक्स उतरवणं स्वस्त नाही.

हायड्रॉलिक एएमटीत अ‍ॅक्च्युएटरची स्वतःची छोटी टाकी असते, तिची पातळी बघायला कोणी सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की ‘झुंई’ असा आवाज येतो तो तिचा पंप, त्याची काळजी नको. पण उभ्या गाडीत तो पंप सारखा सारखा चालू होत असेल तर दाब कुठेतरी गळतोय किंवा दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर थकलाय.

तेल

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीसाठी हा सर्वांत मोठा भाग. लक्षणं ओळखीची: ‘डी’त टाकल्यावर सेकंद-दोन सेकंद काहीच होत नाही, मग एकदम धक्का. एखादा सेकंद लागणं ठीक, त्याहून जास्त नाही. हे सकाळच्या पहिल्याच वेळी होत असेल तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतंय किंवा पातळी कमी आहे. गरम झाल्यावर वाढत असेल तर तेल पातळ पडून आतला दाब गळत असू शकतो, आणि ते जास्त गंभीर.

बऱ्याच नव्या गाड्यांत या तेलाची डिपस्टिकच नसते. गाडी चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना खालचा बोल्ट उघडून पातळी बघतात. हे घरी करायचं काम नाही. पण काढलेलं तेल बघायला हक्काने उभे राहा. तपकिरी झालं तर बदलायची वेळ झाली. काळं आणि जळका वास म्हणजे आतल्या प्लेटा जळल्यात. आणि गुलाबी लस्सीसारखं फेसाळ दिसलं तर रेडिएटरमधून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलंय. त्या क्षणी गाडी बंद, चालवत घरी नेणं नाही. गोदेच्या पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरलेल्या गाडीचंही तेल असंच बघून घ्यावं, स्टार्टर मारण्याआधी.

तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं हवं. सीव्हीटीत साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) ओतलं तर पट्टा घसरतो, नुकसान कायमचं. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा दुकानदार पुढे करतो, तो नको म्हणा. खालचा बोल्ट उघडून साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून थोडाच फरक पडला तर निराश होऊ नका, काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला. ‘लाइफटाइम तेल’ या शब्दावर माझा विश्वास नाही. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते, आणि घाट, ऊन आणि शहराची गर्दी मिळून आपला वापर त्यातच मोडतो.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही

मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र बहुधा फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतं. त्यात पी०७०० हा दोषाचा कोड दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे. ती नोंद काय, हे मोठा स्कॅनरच सांगेल. पी०३०० ते पी०३०४ पैकी काही दिसलं तर इंजिन मिस मारतंय, आधी ते दुरुस्त करा. पी०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, आत काहीतरी घसरतंय. पी०८६८ म्हणजे तेलाचा दाब कमी. कोड पुसण्याआधी फोटो काढा. कोड पुसून ‘आता काही दिसत नाही’ म्हणणाऱ्याकडे तपास झालेला नसतो.

गॅरेजमध्ये ‘गचका देते’ एवढंच सांगून गाडी सोडू नका. इंजिन थंड की गरम, ‘डी’त टाकताना की ब्रेक सोडल्यावर, ‘आर’मध्ये होतं का, एसीने फरक पडतो का, शेवटचं काम काय केलं, हे कागदावर लिहून द्या. थंडीतला दोष असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे ठेवा आणि सकाळी पहिल्या स्टार्टला स्वतः हजर राहा. गंगापूर रोडवरून चालवत नेलेली गाडी तिथे पोचेपर्यंत गरम होते, आणि मग मिस्त्री खरंच म्हणतो, ‘काही नाही हो साहेब, मस्त चालतीय.’

गाडी ‘डी’त टाकून हलतच नसेल, जळका वास येत असेल किंवा तेल गळत असेल तर दोरी बांधून ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत तेलाचा पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद आणि चाकं फिरतायत म्हणजे आतले भाग तेलाविना घासतायत. सपाट प्लॅटफॉर्मचा ट्रक मागवा, आणि तो मिळत नसेल तर निदान इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती चाकं जमिनीवरून उचललेली असल्याची खात्री करून मगच गाडी हलवू द्या.